त्याग नको, पगार द्या

मंडळी, आपल्या आयटीवाल्यांच्या ऑफिसांत एक वाक्य फार फिरतं. कँटीनमध्ये, खालच्या टपरीवर, रिलीजच्या आदल्या रात्री दोन वाजता थंड झालेला पिझ्झा खाताना. "एक दिवस हे सगळं सोडून निसर्गासाठी काहीतरी करणार, बघ तू!" म्हणणारा मनापासून म्हणत असतो. ऐकणारे मान डोलावतात. मग कुणाचं तरी बिल्ड फेल होतं आणि सगळे आपापल्या खुर्चीकडे परततात.

माझं भांडण त्या म्हणणाऱ्याशी नाही. त्या वाक्यातल्या दोन शब्दांशी आहे. एक "काहीतरी" आणि दुसरा "सोडून".

"काहीतरी" म्हणजे काय, तर या कामाला वेगळं शिक्षण, अनुभव वगैरे लागत नाही, मन चांगलं असलं की भागतं. आणि "सोडून" म्हणजे काय, तर हे काम पगाराचं नाही, त्यागाचं आहे. जो करतो तो संत, आणि संतांना ईएमआय नसतो! हे दोन्ही समज तद्दन खोटे आहेत. नुसते खोटे असते तर सोडून दिलं असतं. पण या समजांमुळे पर्यावरणाचं चांगलं काम मरतं आणि वाईट काम फोफावतं, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी "काहीतरी"चा समाचार घेऊ.

जून-जुलै आला की एचआरची मेल येते. शनिवारी सकाळी सात वाजता बस, हिरवा टी-शर्ट, नाश्ता आणि वृक्षारोपण. खड्डे आधीच खणलेले असतात. आपण जायचं, रोप ठेवायचं, माती ढकलायची, फोटो काढायचा. दुपारी दोनपर्यंत घरी. मी ज्या ज्या कंपनीत काम केलं तिथे हे झालं, आणि एकाही कंपनीत पुढच्या मे महिन्यात "त्यातली किती जगली?" अशी मेल आलेली नाही. रोप लावणं हे पाच मिनिटांचं काम आहे. खरं काम म्हणजे पुढचे निदान तीन उन्हाळे पाणी, वणवा, गुरं आणि गवताशी झुंज. आपल्याच भाषेत सांगायचं तर आपण दरवर्षी नवा रिलीज करतो आणि मेंटेनन्सला एकही माणूस ठेवत नाही. ऑफिसात असं करणाऱ्या मॅनेजरला आपण काय म्हणतो ते इथे लिहीत नाही. :-)

बरं, झाड जगलं तरी ते तिथे हवं होतं का, हा प्रश्न राहतोच. पुण्याच्या टेकड्यांवर चक्कर मारा. हिरवंगार दिसतं, पण त्यात गिरिपुष्प, म्हणजे ग्लिरिसिडिया, किती आहे ते बघा. हे झाड मूळ मध्य अमेरिकेतलं. लवकर वाढतं, गुरं सहसा खात नाहीत, म्हणून टेकड्या "हिरव्या" करायला लावलं गेलं. "काहीतरी" केलं आणि हिरवं दिसलं, झालं काम! आणि माळरानांचं काय? सासवड, बारामती, सोलापूरकडची माळरानं आपल्याला "पडीक" वाटतात, कारण तिथे झाडं नाहीत. पण लांडगा, खोकड, चिंकारा, धाविक यांचं घर तेच आहे. धनगरांच्या मेंढ्यांचं पोटही त्याच गवतावर चालतं. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झालं, ते जंगलासाठी नव्हे, गवतासाठी. अशा जागी खड्डे खणून रांगेने झाडं लावणं म्हणजे निसर्गसेवा नव्हे, अतिक्रमण.

सरकारही याच शाळेत शिकलेलं. महाराष्ट्रात २०१६ साली दोन कोटी झाडांचं लक्ष्य होतं, २०१७ साली चार कोटी, २०१८ साली तेरा कोटी आणि २०१९ साली तेहतीस कोटी. लक्ष्य मोजायचं ते लावलेल्या झाडांचं. सेल्सच्या टार्गेटसारखं. आणि सरकार कोणाचं हा मुद्दाच नाही. डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार सुरू झालं, ठिकठिकाणी पोकलेन लागले, नाले रुंद आणि खोल झाले. आपला सुमारे ऐंशी टक्के महाराष्ट्र बेसॉल्टवर, म्हणजे काळ्या पाषाणावर बसलेला. त्यात एक थर पाणी धरतो, दुसरा अजिबात धरत नाही. कुठे खणायचं आणि कुठे खणायचं नाही हे सांगायला भूजलाचा जाणकार लागतो. २०२० साली कॅगचा अहवाल आला. नऊ हजार सहाशे कोटींहून जास्त खर्च होऊनही भूजल पातळी वाढवण्यात योजनेचा फारसा परिणाम दिसत नाही, असा त्याचा सूर होता. यंत्रं मुबलक होती. कमी पडलं ते गावागावात बसून अभ्यास करणारं माणूस.

मग हे काम नीट करतात म्हणजे नेमकं काय करतात? आपल्याच जातकुळीतला माणूस घेऊ. विलासराव साळुंखे. इंजिनियर, पुण्यात स्वतःचा कारखाना. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा ते पुरंदर तालुक्यात गेले आणि दुष्काळी कामावर खडी फोडणारी माणसं त्यांनी पाहिली. आपण असतो तर धान्याचा ट्रक पाठवला असता आणि फेसबुकवर टाकलं असतं. (तेव्हा फेसबुक नव्हतं, हे त्यांचं नशीब.) साळुंख्यांनी नायगावात देवस्थानची चाळीसेक एकर उजाड जमीन कराराने घेतली. कराराची मुदत? पन्नास वर्षं! बांधबंदिस्ती, पाझर तलाव, विहीर असं करत ती पिकवून दाखवली.

पण त्यांचं खरं इंजिनियरिंग पुढेच आहे. पाणी अडवणं सोपं, वाटणं अवघड. पाणी पंचायतीचे नियम बघा. पाणी जमिनीच्या मापाने नाही, माणसांच्या संख्येने मिळणार. माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. जमीन विकली म्हणून पाण्याचा हक्क विकता येणार नाही. खर्चातला वीस टक्के वाटा लाभार्थींनी उचलायचा. आणि ऊस लावायचा नाही! पश्चिम महाराष्ट्रात, साखर कारखान्यांच्या राज्यात, शेतकऱ्याला "ऊस लावू नकोस" म्हणून सांगणं आणि ते त्याला पटवणं... आपल्याला क्लायंटला एक फीचर "नाही" म्हणताना घाम फुटतो.

हिवरे बाजारला पोपटराव पवारांनी तेच केलं. ते एम. कॉम. झालेले, गावाने सरपंच केलं. नगर जिल्ह्यातला हा पट्टा अवर्षणाचा. तिथे दरवर्षी पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद मांडतात. किती पडला, किती मुरला, माणसांना-जनावरांना किती लागेल, उरलेल्यात कोणतं पीक बसतं. बोअरच्या पाण्यावर शेती करायची नाही, ऊस-केळी घ्यायची नाहीत, हे गावाने ठरवलं आणि पाळलं. लोक हिवरे बाजारची हिरवळ बघून येतात. बघायचा असतो तो ताळेबंद.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाची गोष्ट आणखी लांब पल्ल्याची. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी गावात अभ्यासगट चालवले. अभ्यासगट! म्हणजे बसायचं, वाचायचं, कायदा समजून घ्यायचा, आणि ग्रामसभेत सगळ्यांचं एकमत होईपर्यंत पुन्हा बसायचं. ऐंशीच्या दशकात सुरुवात झाली. वनहक्क कायदा आला २००६ साली. त्यानंतर २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक हक्क मिळाला. आणि स्वतःचा बांबू स्वतः विकण्यासाठी वाहतूक परवान्याचं पुस्तक हातात पडलं २०११ मध्ये. पंचवीसेक वर्षांचा प्रोजेक्ट! आपली दोन आठवड्यांची स्प्रिंट लांबली की एस्कलेशन होतं.

आणि हे काम फक्त गावातच असतं असंही नाही. अनिल अग्रवाल आयआयटी कानपूरचे मेकॅनिकल इंजिनियर, १९७० ची बॅच. पत्रकार झाले, १९८० मध्ये दिल्लीत सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट काढलं, १९८२ मध्ये देशाच्या पर्यावरणाचा पहिला नागरिक अहवाल छापला. पुढे त्यांच्या संस्थेने दिल्लीच्या हवेचा प्रश्न हातात घेतला. इंधनातलं गंधक किती, इंजिन कोणतं, सीएनजी कसा पुरवायचा, हे सगळं आकड्यांनिशी मांडलं. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये बस सीएनजीवर आणायचा आदेश दिला आणि २००२ च्या अखेरीस दिल्लीच्या सार्वजनिक बस डिझेलवरून हलल्या. पुढे गाड्यांच्या संख्येने तो फायदा बराचसा गिळला, ती वेगळी लढाई. अग्रवाल २००२ च्या जानेवारीतच गेले. त्यांनी उभी केलेली संस्था मात्र चालू राहिली, कारण तिथे पूर्णवेळ काम करणारे, त्यात मुरलेले लोक होते.

आता सांगा, यात "काहीतरी" कुठे आहे? भूजल, जंगल, कायदा, हिशेब, माणसांची भांडणं मिटवणं, दहा-वीस वर्षांचं नियोजन, आणि वर आमदारापासून पाटलापर्यंत सगळ्यांशी बोलण्याची ताकद. हे आपल्यातल्या कुठल्याही डिलिव्हरी मॅनेजरपेक्षा अवघड काम आहे. मग डिलिव्हरी मॅनेजरला जे मिळतं त्याच्या चौथाई तरी या माणसाला का मिळू नये?

इथे दुसरा शब्द येतो. "सोडून".

माझा एक कॉलेजचा मित्र गेली सहा-सात वर्षं पाणलोटाचं काम करणाऱ्या एका संस्थेत आहे. तिथे त्याच्या पैशांना पगार म्हणत नाहीत, "मानधन" म्हणतात. काय शब्द शोधलाय! मान मिळतो, धन मिळत नाही. तो आता तीन तालुक्यांचं काम सांभाळतो, हाताखाली बारा-चौदा जण आहेत, आणि त्याला आमच्याकडच्या फ्रेशरइतकंही मिळत नाही. लग्नाच्या बाजारात तर विचारूच नका. "मुलगा काय करतो?" "संस्थेत आहे, पर्यावरणाचं काम करतो." "ते छानच. पण नोकरी काय करतो?"

तो सांगतो की देणगीदार भेटायला येतात तेव्हा ठरलेला प्रश्न असतो. "आमच्या पैशातला किती पैसा थेट कामावर जातो, आणि किती पगारावर?" म्हणजे बंधाऱ्याचं सिमेंट हे काम, आणि तो बंधारा कुठे घालायचा हे ठरवायला सहा महिने गावात राहिलेली बाई हा खर्च! रोपाचे पैसे देतील, रोप जगवणाऱ्याचे देणार नाहीत. उद्घाटनाचा दगड दिसतो, पगार दिसत नाही, एवढंच त्यामागचं तत्त्वज्ञान.

गंमत बघा, हा प्रश्न कोण विचारतं? आपली कंपनी! जिच्या खर्चातला सगळ्यात मोठा आकडा पगाराचा असतो. जी क्लायंटला माणसामागे, तासामागे बिल लावते. उद्या क्लायंट म्हणाला, "आम्ही फक्त कोडचे पैसे देऊ, कोड लिहिणाऱ्यांचे नाही," तर आपण त्याला वेड्यात काढू. पण सीएसआरच्या मीटिंगमध्ये हेच वाक्य शहाणपणाचं ठरतं.

कायदेही त्याच वळणाचे. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठराविक आकारावरच्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावले. चांगलं झालं. पण नियमांत "चालू प्रकल्प" म्हणजे सुरुवातीचं वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन आर्थिक वर्षं. साळुंख्यांचा करार पन्नास वर्षांचा होता, लक्षात आहे ना? परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली बदल झाला आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नासवरून वीस टक्क्यांवर आली. गैरव्यवहार थांबवायचे असतील तर हिशेब कडक तपासा, जरूर तपासा. पण हिशेबनीस ठेवायलाच पैसे नाहीत आणि हिशेब मात्र चोख हवा, हे कसं जमायचं?

या त्यागाच्या कौतुकाचा सगळ्यात मोठा तोटा वेगळाच आहे. पगार नसेल तर या क्षेत्रात येणार कोण? एक तर ज्याच्या घरी आधीच पैसा आहे तो. किंवा खरोखरचा संत. साळुंख्यांच्या मागे कारखाना होता, हे त्यांना कमीपणा आणायला म्हणत नाही, पण प्रत्येक तालुक्याला कारखानदार साळुंखे कुठून आणायचा? यवतमाळच्या कोरडवाहू शेतकऱ्याची मुलगी कृषी पदवी घेते. तिला मातीतलं, पाण्यातलं, गावातलं आपल्यापेक्षा दसपट कळतं. वडिलांचं कर्ज आहे, भावाचं शिक्षण आहे. मानधनावर ती तीन वर्षं काढेल, मग बँकेची परीक्षा देईल. तिच्या जाण्याने त्या गावाचं जे नुकसान होतं ते कुठल्याच सीएसआर रिपोर्टात येत नाही.

आपल्या धंद्यात "बस फॅक्टर" म्हणून एक शब्द आहे. टीममधली किती माणसं उद्या बसखाली आली तर प्रोजेक्ट बंद पडेल? आकडा एक असेल तर मॅनेजरची झोप उडते. आपल्या राज्यातल्या कितीतरी चांगल्या संस्थांचा बस फॅक्टर एक आहे. संस्थापक आहेत तोवर काम आहे. दुसरी फळी तयार होत नाही, कारण दुसऱ्या फळीला घर चालवायचं असतं. आणि आपण मात्र संस्थापकाला शाल-श्रीफळ देतो, "असे लोक आता होणे नाही" म्हणतो आणि घरी येतो. कसे होणार? आपणच होऊ देत नाही की!

आता तुम्ही म्हणाल...

"पगार चांगला दिला तर पैशासाठीच लोक येतील." येऊ देत की! सर्जन पैसे घेतो म्हणून आपण फुकट ऑपरेशन करणारा हौशी माणूस शोधतो का? काम मोजा. भूजल पातळी मोजा, तिसऱ्या वर्षी जगलेली झाडं मोजा, गावाने स्वतः चालवलेल्या सभा मोजा. जमलं नाही तर नारळ द्या. पगाराबरोबर जबाबदारी विचारता येते. त्यागाला काय जाब विचारणार?

"संस्थांमध्ये घोटाळे असतात." असतात. आयटीत नव्हते? २००९ चं सत्यम विसरलात? तेव्हा आपण सगळ्यांचे पगार बंद करा म्हणालो नव्हतो.

"पर्यावरणात आता भरपूर पैसा आहे, सस्टेनेबिलिटी मॅनेजरच्या जाहिराती बघ." बघितल्या. सेबीने २०२२-२३ पासून पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना पर्यावरण-सामाजिक बाबींचा अहवाल सक्तीचा केला, तेव्हापासून ती पदं वाढली आहेत. त्यातले काही लोक कारखान्याचं पाणी आणि वीज खरोखर वाचवतात, त्यांना सलाम. पण बरंच काम एक्सेलमध्ये सुरू होऊन पीडीएफमध्ये संपतं. म्हणजे पैसा आहे, हे सिद्ध झालं! फक्त तो नदीचा अहवाल लिहिणाऱ्याला मिळतो, नदीवर उभं राहणाऱ्याला मिळत नाही.

थोडक्यात काय, उद्या राजीनामा टाका असं मी अजिबात म्हणत नाहीये. उलट टाकूच नका. तीन गोष्टी करा.

एक. देणगी देत असाल तर पगारासाठी द्या. तसं लिहून द्या: "ही रक्कम कार्यकर्त्यांच्या पगारासाठी वापरावी." एकदाच मोठी देण्यापेक्षा दरमहा द्या आणि पाच वर्षं द्या. आठ-दहा मित्रांनी मिळून एका माणसाचा पगार उचलणं म्हणजे आपल्या वीकेंडच्या खर्चापुढे काहीच नाही. झाडाला आपलं नाव लागणार नाही. चालेल.

दोन. पुढच्या टाऊनहॉलमध्ये, जिथे "काही प्रश्न?" असं विचारून घड्याळाकडे बघतात, तिथे हात वर करा. आपल्या सीएसआरमधून किती माणसांचे पगार जातात? मागच्या तीन वर्षांत लावलेली झाडं आज कुठे आहेत, आणि ती जागा झाडांची होती का? टी-शर्टचा खर्च किती आणि राखणदाराचा किती? एकाने विचारलं तर तो नसता शहाणा. पंधरा जणांनी विचारलं तर पुढच्या वर्षीच्या बजेटमध्ये एक ओळ बदलते. आपण कंपन्यांना एसी बस, फ्री कॉफी आणि घरून काम मागून घेतलंय. हेही मागता येतं.

तीन. आणि ज्याला खरंच या क्षेत्रात जायचंय, त्याने "सोडून" जाऊ नये, शिकून जावं. शनिवार-रविवार हातात आहेत. प्रकाश गोळ्यांनी सुरू केलेल्या इकॉलॉजिकल सोसायटीसारख्या संस्थांनी पुण्यात नोकरदारांना परिसरशास्त्र शिकवण्याचं काम केलंय. भूजल शिका, जीआयएस शिका, वनहक्क कायदा मराठीत वाचा. मग रीतसर अर्ज करा आणि तिथल्या पस्तीस वर्षांच्या बाईंच्या हाताखाली ज्युनियर म्हणून काम करायची तयारी ठेवा. दहा वर्षं कोड लिहिलं म्हणून तुम्ही त्या क्षेत्रात सीनियर होत नाही. आणि कृपा करून पहिल्याच महिन्यात अ‍ॅप बनवू नका!

आणि हो, मुलाखतीत पगार विचारा. लाजू नका. "मी पैशासाठी आलो नाही" असं म्हणून निम्म्या पगारावर बसलात, तर तुमच्या मागे येणाऱ्या यवतमाळच्या त्या मुलीलाही निम्माच पगार मिळणार आहे. तुमच्याकडे बचत असेल, फ्लॅट असेल. तिच्याकडे नाही. तुमचा त्याग तिच्या खिशातून जातो.

असो. पटलं नसेल तर भांडायला या, चहा माझ्याकडून.